‘जंक फूड’ म्हणजे काय, ते एकदाचं लिहा : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : मुलांच्या चॅनेलवर लागणाऱ्या खाण्यापिण्याच्या जाहिराती आणि ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना

महोदय / महोदया,

मी बार्शीच्या एका अनुदानित शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एकोणीस वर्षं झाली. हे पत्र मी आपल्याला टपालानंही पाठवते आहे. पण यात जे आहे ते घराघरांतलं आहे, म्हणून सगळ्यांना वाचता यावं असं उघडपणे लिहिते आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागला. मला वाटलं, मळ साचलाय. उकाडा, घाम, आणि अंघोळ म्हणजे दोन तांबे अंगावर ओतून बाहेर. मी त्याला मोरीत बसवलं आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पिठानं मान घासली. गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाठ घासायच्या दगडानं घासली. तो रडत होता, ‘आई, दुखतंय गं.’ मी म्हटलं, ‘मळ निघेपर्यंत सोडणार नाही.’ मान लालभडक झाली, पट्टा होता तसाच.

आठ-दहा दिवसांनी तापाचं निमित्त होऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ताप नंतर बघितला, आधी मान बघितली. म्हणाले, ‘बाई, हा मळ नाही. घासू नका.’ शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि मानेची, काखेची कातडी अशी जाड, काळी पडते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मग काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो. वय नऊ. या वयाला सत्तावीस-अठ्ठावीस पुरे. त्या रात्री तो झोपल्यावर मी त्याच्या मानेला खोबरेल लावलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

तोपर्यंत घरात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. सासूबाईंना तर कौतुकच. बाळसं धरलंय, अंगानं भरलाय, खात्यापित्या घरचा दिसतो. आमच्याकडे मूल बारीक असलं की शेजारीपाजारी विचारतात आणि गुबगुबीत असलं की दृष्ट काढतात. मीही त्यातलीच. वर्गात कुणाचं वजन कमी भरलं की मी पालकांना बोलावून घेते. वजन जास्त भरलं म्हणून एकोणीस वर्षांत मी एकाही आईला बोलावलेलं नव्हतं. ही चूक माझी आहे, ती मी कुणावर ढकलत नाही.

पण डॉक्टरांनी विचारलं, ‘दुपारी काय करतो?’ तेव्हा सगळा उलगडा झाला. त्याची शाळा सकाळची, साडेबाराला तो घरी. मी पाच वाजता येते, यजमान दुकानात. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या त्याच्या मागे किती धावणार? ताट टीव्हीसमोर. भात किती खाल्ला, पोट कधी भरलं, त्याला कळत नाही. सासूबाई वाढतात, तो पडद्यावरची नजर न काढता तोंड उघडतो. दीडनंतर पाच-पाच रुपयांचे पुडे सुरू होतात. मी घरी येते तेव्हा सोफ्याच्या फटीत चुरा आणि रिकामी पाकिटं असतात.

सुट्टी होती, म्हणून मी दोन दुपारी त्याच्याशेजारी वही घेऊन बसले. मुलांचंच चॅनेल, दिवसभर कार्टून. जाहिरात लागली की वहीत रेघ. बिस्किटं, चॉकलेट, दुधात घालायची गोड पावडर, झटपट नूडल्स, रंगीत गोळ्या, मध्येच एखादी टूथपेस्ट. एका क्रीमच्या बिस्किटाची जाहिरात तासाभरात पाच वेळा लागली. पाचव्यांदा लागली तेव्हा माझा मुलगा जमिनीवर गाडी फिरवत होता, पडद्याकडे त्याची पाठ होती, आणि तो शब्द न् शब्द तिच्याबरोबर म्हणत होता. त्याला सातचा पाढा पाठ व्हावा म्हणून मी तीन आठवडे झटत होते.

त्या जाहिराती मी पहिल्यांदाच नीट बघितल्या. मूल बिस्किट खातं आणि हवेत उडतं. मूल पावडरचं दूध पितं आणि शर्यत जिंकतं. ज्याच्या हातात पुडा त्याच्याभोवती मित्र गोळा होतात, आणि डब्यात भाजी-पोळी आणलेलं मूल तोंड पाडून बसतं. आई प्रत्येक वेळी हसत हसत पुडा पुढे करते. सहा वर्षांच्या मुलाला कार्टून कुठे संपलं आणि विकणं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. रंग तेच, आवाज तसलेच, आणि बऱ्याचदा पात्रंही तीच.

कार्टूनमधल्या खाण्यावर माझा राग नाही. छोटा भीम लाडू खाल्ला की बलवान होतो, मोटूला समोसा मिळाला की अंगात बळ येतं. लाडू आपलाच, समोसाही आपलाच, आणि खाऊन ताकद येते ही गोष्ट आजीही सांगते. पण आजी लाडू विकत नाही. कार्टूनमधलं पात्र साखरेच्या पुड्यावर येऊन बसतं, आत स्टिकर निघतो, चार स्टिकर जमवले की काहीतरी मिळतं, तेव्हा ती गोष्ट राहत नाही. दुकानाच्या दारात लटकलेल्या माळेतून माझा मुलगा पुडा निवडतो तो चव आठवून नाही, चित्र बघून.

वर्गातला एक प्रसंग सांगते. दुसरीच्या मुलांना मी ‘माझा आवडता खाऊ’ यावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं, ‘मला भाकरी आणि शेंगाची चटणी आवडते.’ मग शेजारच्या वहीत डोकावली. तिथे एका चॉकलेटचं नाव होतं. तिनं खोडरबर घेतलं, ‘भाकरी आणि शेंगाची चटणी’ पुसलं आणि तिथे ते नाव लिहिलं. कागद पातळ झाला, तरी खालची अक्षरं दिसत होती. तिचे आईवडील दोघंही शेतमजूर. ते चॉकलेट तिनं कितीदा खाल्लं असेल, मला माहीत नाही. जाहिरात मात्र रोज बघत असणार. ज्वारीच्या कोठाराच्या मुलखात सात वर्षांच्या मुलीला आपल्या ताटातली भाकरी लपवावीशी वाटली, हे मी विसरू शकत नाही.

हे एका बाईच्या मनाचे खेळ आहेत असं कुणाला वाटेल, म्हणून दोन अभ्यास सांगते. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात ते अकरा वर्षांच्या मुलांना कार्टून दाखवलं आणि समोर खारी बिस्किटं ठेवली. काहींच्या कार्टूनमध्ये खाण्याच्या जाहिराती होत्या, काहींच्या कार्टूनमध्ये दुसऱ्या वस्तूंच्या. खाण्याच्या जाहिराती बघितलेल्या मुलांनी ४५ टक्के जास्त खाल्लं. जाहिराती त्या बिस्किटांच्या नव्हत्याच. म्हणजे भूक नुसत्या बघण्यानं चाळवते, आणि मग हाताशी असेल ते पोटात जातं. त्याआधी १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात तिसरी-चौथीच्या मुलांवर अभ्यास झाला होता. एका शाळेत मुलांचा टीव्ही कमी करायला शिकवलं, तेवढंच केलं. वर्षाअखेर त्या मुलांचं वजन उंचीच्या मानानं दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी वाढलेलं होतं.

आता आपल्या नियमाकडे येते. आपल्या प्राधिकरणानं ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मुलांच्या जाहिरातींसाठी वेगळा भाग आहे. चिप्स, कार्बोनेटेड पेयं आणि अशाच इतर खाण्यापिण्याच्या वस्तूंसह जंक फूडची जाहिरात मुलांसाठीच्या कार्यक्रमात किंवा केवळ मुलांसाठी असलेल्या चॅनेलवर करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मी ते वाचलं तेव्हा मला आनंद झाला. नियम आहे तर! मग माझ्या वहीतल्या रेघा कुठून आल्या?

उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. जंक फूड म्हणजे काय, हे त्या सूचनांमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. चिप्स आणि फसफसणारी पेयं नावानं आहेत. क्रीमचं बिस्किट त्यात येतं का? चॉकलेट? नूडल्स? निम्मी साखर असलेली पावडर? ‘अशाच इतर’ या दोन शब्दांत सगळं येतं आणि काहीच येत नाही. मी उद्या वर्गात म्हटलं, ‘गोंधळ आणि अशाच इतर गोष्टी करू नका,’ तर दुसरीची मुलंसुद्धा विचारतील, बाई, म्हणजे काय करायचं नाही?

माझी पहिली तक्रार हीच आहे, आणि बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघतात. व्याख्या नसेल तर नियम कुणाला लागू करणार? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपये, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्याला दिलाय. तो वापरायला हातात मोजपट्टी हवी. व्याख्येनं काय होतं हे आपण एप्रिल २०२४ मध्ये बघितलंच आहे. ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच अन्नसुरक्षा कायद्यात नाही, हे बालहक्क आयोगानं दाखवून दिलं आणि वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना त्या नावाखालून अशी पेयं काढायला सांगितली. वर्षानुवर्षं आयांनी ज्या शब्दावर विश्वास ठेवून पावडर दुधात घातली, तो शब्द कायद्यात नव्हताच. त्या आयांमध्ये मीही होते.

व्याख्या करणं अवघड आहे, असंही म्हणू नये. आमच्या राज्य सरकारनं मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांसाठी आदेश काढला, तेव्हा चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक, बिस्किटं, चॉकलेट अशी सरळ नावं लिहिली होती. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ती कळली. आणि आकडे हवे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याच आग्नेय आशिया विभागासाठी कोष्टक तयार करून ठेवलंय. कोणत्या प्रकारच्या पदार्थात साखर, मीठ, चरबी किती असली तर मुलांना त्याची जाहिरात करू नये, एवढ्याच कामासाठी ते बनवलेलं आहे.

दुसरी गोष्ट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांची विक्री करता येत नाही, जाहिरातही नाही. इथेही ‘जास्त’ म्हणजे किती ते नाही. तरी नियम चांगला आहे, आम्ही आमच्या परीनं पाळतो. फाटकासमोरच्या काकांना मी स्वतः हात जोडून फुटाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू ठेवायला लावले. पण मूल साडेबाराला घरी जातं आणि ज्या फलकाला आम्ही ५० मीटर लांब ठेवला तो तिथे हलत्या चित्रांत, गाण्यासकट, ताटापासून पाच फुटांवर उभा असतो.

तिसरी, कंपन्यांच्या शब्दावर विसंबण्याची. मुलांच्या चॅनेलवर अशा जाहिराती करणार नाही असं नऊ मोठ्या खाद्यपेय कंपन्यांनी आपणहून मान्य केलंय, असं सरकारनं २०१८ साली संसदेत सांगितलं होतं. माझ्या वहीतल्या रेघा त्यानंतरच्या आहेत.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. आमच्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा आहे हा. त्याच पाहणीत देशभरातल्या पाच वर्षांखालच्या जाड मुलांचं प्रमाण आधीच्या २.१ टक्क्यांवरून ३.४ वर गेलेलं दिसतं. माझ्या वर्गात ही दोन्ही मुलं एकाच बाकावर बसतात. एकाच्या मानेवर काळा पट्टा, दुसऱ्याच्या हाताच्या काड्या. दोघांच्या दप्तरात तोच पाच रुपयांचा पुडा. एकाचं त्यानं वजन वाढतं, दुसऱ्याची भूक मरते आणि तो दुपारची खिचडी अर्धी टाकून देतो. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. जाडेपणा हा श्रीमंतांच्या पोरांचा प्रश्न आहे, असं दिल्लीत कुणाला वाटत असेल तर त्यांनी एकदा माझ्या वर्गात येऊन डबे उघडून बघावेत.

यावर मला हमखास ऐकवलं जातं : टीव्ही बंद करा ना, रिमोट तुमच्याच हातात आहे. बंद केला. त्या दिवसापासून आमच्याकडे ताट टीव्हीसमोर जात नाही. सासूबाईंनीही मनावर घेतलं, दुपारी नातवाला शेजारी बसवून त्या ज्वारी निवडतात, गोष्टी सांगतात. पहिले पंधरा दिवस घरात रोज रडारड झाली. आता तो संध्याकाळी भगवंत मैदानावर जातो. वजन वाढायचं थांबलंय, पट्टा अजून आहे. पण माझ्याकडे पगार आहे, घरात आजी आहे, वेळेवर भेटलेले डॉक्टर आहेत. ज्या आईला सकाळी सातला दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जायचंय आणि मागे दोन पोरं घरात ठेवायचीत, तिच्यासाठी टीव्ही हाच सांभाळणारा आहे. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तिची मुलं त्या पडद्याच्या भरवशावर असतात, म्हणून त्या पडद्यावर काय लागतं याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी. आणि ती घ्यायला कायद्यानं आपल्याला बसवलं आहे.

दुसऱ्या देशांनी हे केलेलं आहे. स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरातच करता येत नाही, खाण्याची असो की खेळण्याची. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८० पासून अशीच बंदी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात २०१६ पासून जास्त साखर-मिठाच्या पाकिटांवर काळा अष्टकोन छापावा लागतो, त्यावर कार्टून चालत नाही, आणि पुढे २०१८ मध्ये सकाळी सहा ते रात्री दहा अशा पदार्थांच्या जाहिरातीच टीव्हीवरून काढून टाकल्या.

माझ्या मागण्या या आहेत.

१. मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘जंक फूड’ची व्याख्या करा. दर १०० ग्रॅममागे साखर, मीठ आणि चरबी किती असली की पदार्थ त्यात बसतो, तो आकडा लिहा. बिस्किटं, चॉकलेट, नूडल्स आणि दुधात घालायच्या गोड पावडरी त्याच मापानं मोजा. अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही तोच आकडा आपल्या शाळांच्या विनियमांत घ्यावा, म्हणजे दोन कार्यालयांत दोन मापं होणार नाहीत.

२. बंदी फक्त मुलांच्या चॅनेलपुरती ठेवू नका, ती वेळेवर ठरवा. आमच्याकडे मुलं संध्याकाळी आजीबरोबर मालिका बघतात, बाबांबरोबर क्रिकेट बघतात. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत कोणत्याच चॅनेलवर या जाहिराती नकोत.

३. अशा पदार्थांच्या पुड्यावर कार्टूनचं चित्र, आत स्टिकर, खेळणं, बक्षीस, काहीही नको. मुलांना गरज नसताना खरेदीला भुलवणाऱ्या भेटवस्तूंबद्दल आपल्याच सूचनांमध्ये नापसंती आहे. तिथे नुसती नापसंती नको, मनाई हवी.

४. २०२२ पासून या कलमाखाली मुलांच्या चॅनेलवरच्या किती जाहिरातींची चौकशी झाली, किती बंद झाल्या, दंड किती वसूल झाला, ते दर तीन महिन्यांनी जाहीर करा. मराठीतही करा.

५. माहिती व प्रसारण मंत्रालयाला बरोबर घ्या. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतच लिहिलंय की मुलांमध्ये अपायकारक सवयींची गोडी निर्माण करणारी जाहिरात दाखवता येणार नाही. ते वाक्य तीस वर्षांहून जुनं आहे.

माझ्या वहीची पानं या पत्रासोबत जोडते आहे. दोन दुपारी, तारीख-वेळेसह, कोणती जाहिरात किती वाजता लागली ते सगळं त्यात आहे. आमच्या पालकसभेत मी हे वाचून दाखवलं तेव्हा अकरा आयांनी आपापल्या घरी अशाच वह्या घातल्या. त्याही दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवीन. ‘जंक फूड’ची व्याख्या कोणत्या तारखेपर्यंत होईल, एवढं मला लेखी कळवावं. ते उत्तर मी पुढच्या पालकसभेत वाचून दाखवणार आहे.

आपली,
दुसरीच्या वर्गाची एक शिक्षिका
बार्शी, जि. सोलापूर